जादूचं जग वसवताय? मग एवढं कराच

फँटसी कादंबरी लिहायची तर सगळ्यात आधी बर्फ. बर्फाशिवाय जादूचं जग सुरूच होत नाही हे डोक्यात फिट करून घ्या. तुम्ही बसलेले असणार भांडुपला नाहीतर लालबागला, मे महिना, पंखा फुल, बनियन पाठीला चिकटलेलं, आणि आयुष्यात बर्फ बघितलाय तो एक तर गोळेवाल्याकडे नाहीतर भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या पेटीत, तरी पहिलं वाक्य "उत्तरेच्या हिमशिखरांवरून बोचरा वारा वाहत होता" असंच आलं पाहिजे. पाऊस मात्र चुकूनही घेऊ नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा तुम्ही स्वतः छातीएवढ्या पाण्यातून कुर्ल्याहून घरी चालत आला असाल, रात्रभर अनोळखी बायका बिल्डिंगखाली उभं राहून चहा-बिस्किटं देत होत्या तेही बघितलं असेल, पण ते सगळं विसरा. पावसात ड्रॅगन शोभत नाही. शिवाय वाचकाला लगेच गटारं आठवतात.

मग नकाशा. नकाशा पहिल्या पानावरच पाहिजे आणि त्यात उत्तरेला चांगले लोक, दक्षिणेला वाळवंट आणि वाईट लोक, पूर्वेला काहीतरी गूढ. हे काढताना आपल्या शहराचा इतिहास उघडून बसू नका, गोंधळ होतो. सात बेटं, ती पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाच्या करारात १६६१ साली इंग्लंडच्या राजाला आंदण, आणि राजाने ती १६६८ मध्ये एका कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली, मग पुढच्या लोकांनी मधल्या खाड्या बुजवून सातांचं एक केलं. दहा पौंड! असलं काही तुम्ही कादंबरीत घातलंत तर लोक म्हणतील, अरे फँटसी असली म्हणून काय झालं, जरा पटेल असं लिही.

आता मुख्य गोष्ट, माणसं. म्हणजे माणसं नाहीत, जादूई लोक.

तर ते उंच हवेत, गोरे हवेत, केस सरळ आणि लांब, आवाज मंजुळ, हजार वर्षं जगणारे आणि शक्यतो शाकाहारी. त्यांना एल्फच म्हणा. यक्ष म्हणालात तर कोणीतरी विचारेल कुठल्या सीरियलमधला, गंधर्व म्हणालात तर आजोबा नाट्यसंगीत सुरू करतील. एल्फ जंगलात राहतात पण त्यांच्या कपड्यांना चिखल लागत नाही. त्यांच्यात जादू असते आणि ती रक्तातून येते, हा सगळ्यात महत्त्वाचा नियम. तशी जादूची शाळा असते, वसतिगृह असतं, परीक्षाबिरीक्षा सगळं असतं, पण ॲडमिशन रक्तावर. आणि हे लिहिणारे तुम्ही तेच, जे ऑफिसात डब्याच्या वेळी "आता जात कुठे राहिलीये यार" म्हणता. बरोबरच आहे तुमचं, तुमच्या पुस्तकात जात कुठेच नाहीये, वंश आहे. शुद्ध वंश, मिश्र वंश, आणि तो पहाडापलीकडचा काळाकुट्ट वंश जो जन्मतःच दुष्ट असतो, त्यामुळे त्याची कत्तल करताना नायकाला वाईट वाटत नाही आणि वाचकालाही पान उलटताना काही बोचत नाही.

नायक लाकूडतोड्याच्या घरी वाढू द्या. गरिबी दाखवा, फाटके कपडे, कांदा-भाकर, वाचकाचे डोळे भरून आले पाहिजेत. पण तीनशेव्या पानापर्यंत तो हरवलेला राजपुत्र निघालाच पाहिजे. लाकूडतोड्याचा मुलगा लाकूडतोड्याच्याच रक्ताचा निघाला आणि तरीही राक्षसाला भारी पडला, असलं काही लिहू नका, मग एवढा वंशवृक्ष पानाच्या आत घडी घालून छापला तो कशाला?

नावांचं सांगायचं राहिलं. नावात "ळ" नको. "ळ" आला की मातीचा वास येतो, बाळू, काळू, कमळा, संपलं तुमचं महाकाव्य. थॅलाझिर, एर्व्हालोन, मिरिएल्झा असं काहीतरी ठेवा आणि मध्ये एक तरी उलटा स्वल्पविराम टाका, क'थाल वगैरे, तो कसा उच्चारायचा हे कोणालाच माहीत नसतं त्यामुळे कोणी चूकही काढत नाही. आणि बोलणं कसं ठेवाल? एल्फांची राणी एकदम शुद्ध, "हे योद्ध्या, तुझ्या आगमनाची मी प्रतीक्षा करीत होते", म्हणजे साधारण बँकेच्या नोटिशीला तोंड फुटलं तर ती जशी बोलेल तसं. बुटके मात्र वऱ्हाडी बोलले पाहिजेत, गोब्लिन आगरी, आणि राजवाड्यातली स्वयंपाकीण सातारी. का म्हणजे? विनोद नको का होऊ मधेमधे! एल्फ आगरीत बोलतोय आणि चिलटासारखा मरणारा गोब्लिन सदाशिव पेठेतलं मराठी बोलतोय असं एकाने करून बघितलं होतं, त्याच्या पहिल्याच वाचकाने विचारलं की हे टाइप करताना उलटसुलट झालंय का.

इथे काही शहाणे तुम्हाला अडवतील. म्हणतील, अरे आपल्याकडे एवढं पडलंय, ते घे की. त्यांचं अजिबात ऐकू नका, कारण त्यांचं ऐकलं तर फार अभ्यास करावा लागतो. नुसत्या कोकणातली यादी काढायची म्हटली तरी दम लागतो. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा, तो पिंपळावर. सवाष्ण गेली ती जखीण. बाळंतपणात गेली ती अळवत, काही गावात हडळ. विहिरीवर, तळ्यावर सात आसरा. रात्री नावाने हाक मारते ती हाकामारी, तिला पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. पाण्यातला गिऱ्हा, त्याचे केस हाताला लागले तर तो तुमचा नोकर होतो म्हणतात. आणि चकवा, तो काहीच करत नाही, फक्त तुम्हाला त्याच त्या जागी फिरवत बसतो (दादर स्टेशनच्या पुलांवर तो अजून ड्युटीवर आहे असं माझं मत आहे). या सगळ्यांना वेळ, जागा, आवडनिवड, उतारा, सगळं ठरलेलं. जॅक्सन नावाच्या साहेबाने ही असली माहिती गावोगावच्या शाळामास्तरांकडून गोळा केली होती, तोच जॅक्सन, नाशिकचा कलेक्टर, ज्याला १९०९ मध्ये अनंत कान्हेरेने नाटकाच्या थिएटरात गोळ्या घातल्या. त्याचे कागद मागे राहिले ते एंथोव्हेन नावाच्या दुसऱ्या साहेबाने लावले आणि कोकणाचा भाग १९१५ साली मुंबईत छापून निघाला. म्हणजे आपली भुतं मास्तरांनी लिहून दिली आणि साहेबाने फाइल केली. एवढं सरकारी काम झालेलं जादूई जग जगात दुसरं कुठलं असेल मला वाटत नाही.

आणि आपली भुतं काही साधुसंत नाहीत बरं का. तिकडेही जात आहेच, ब्राह्मण मेला तर वेगळं भूत, इतर जातीतला मेला तर वेगळं, परधर्मातला मेला तर खवीस, मेल्यावरही दाखला सुटत नाही. पण निदान ते तोंडावर सांगतात हो. तुमच्या एल्फासारखं चंद्रप्रकाशात उभं राहून "प्राचीन रक्ताची हाक" वगैरे म्हणत नाहीत.

खलनायकावर वेळ घालवू नका. काळा झगा, लाल डोळे, नाव घेतलं की मेणबत्त्या विझतात, बस झालं. शेवटी त्याचा पूर्ण नायनाट. मुंबादेवीची एक कथा आहे ती या कामाला निरुपयोगी, त्यात मुंबारक नावाचा राक्षस लोकांना छळतो, देवी त्याला हरवते आणि मग तो शरण येऊन म्हणतो की तू माझं नाव घे. आणि ती घेते! म्हणजे ही कथा धरली तर आपण सगळे आधार कार्डावर हरलेल्या राक्षसाचं नाव घेऊन लोकलने फिरतोय. असला शेवट केलात तर दुसरा भाग कसा काढणार?

लोकलवरून आठवलं, सीएसएमटीला उतरलात तर मान वर करू नका. १८८८ साली बांधून झालेली ती बिल्डिंग, भिंतींवर दगडी प्राणी, पक्षी, फाटकावर एकीकडे सिंह एकीकडे वाघ, यातलं बरंच कोरीव काम जेजे कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केलेलं. रोज लाखो लोक त्यांच्याखालून चर्चगेटची टॅक्सी पकडायला धावतात. तुम्हीही धावा, आणि घरी येऊन "विचित्र प्राणी कोरलेलं पुरातन महाद्वार" नेटवर बघून लिहा.

आता शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना: लिहिलेलं घरात कोणालाही वाचून दाखवू नका, विशेषतः आजीला. हा अनुभव आहे. माझा एक मित्र बँकेत आहे, त्याने असंच जग वसवलं, तीन भाग, सात परिशिष्टं, एल्फांची स्वतःची बाराखडी सुद्धा, आणि एका रविवारी आमच्या चाळीत येऊन गॅलरीत बसून वाचायला लागला. माझी आजी आरवलीची, शिरोड्याजवळची, ती बाजूला बसून सुकटीची डोकी मोडत होती. तिला कळतंय की नाही अशा बेताने तो वाचत होता, स्फटिकाचं शहर, चांदीचे मनोरे, चाळीस हजार एल्फ, हवेत तरंगणाऱ्या बागा.

आजीने विचारलं, "थंय पाणी किती वाजता येता?"

तो म्हणाला, आजी, धबधबा आहे तिथे, चोवीस तास.

"आणि घाण खंय जाता?"

आता हा प्रश्न त्याने सात परिशिष्टांत कुठेच घेतला नव्हता. मुंबईला पाणी पाजायला सात तलाव लागतात, तुळशी-विहारपासून पार इगतपुरीकडच्या अप्पर वैतरणेपर्यंत, आणि तरी आमच्याकडे पहाटे साडेचारला नळ येतो तेव्हा हंडा लावून कोणीतरी बसलेलं असतं, ते कोणीतरी म्हणजे चाळीस वर्षं आजीच. त्यामुळे चाळीस हजार लोकांच्या गावात पाणी भरताना, झाडताना, गटार उपसताना एकही माणूस दिसत नाही हे तिच्या लगेच लक्षात आलं, आमच्या नव्हतं आलं. मित्र म्हणाला, जादूने होतं सगळं. आजी म्हणाली बरां. पाच मिनिटं शांत. मग तो युद्धाच्या प्रसंगाला आला, एल्फ सेना तीन हजार कोस चालत निघालीये, पायाखाली बर्फ, आणि आजीने हात थांबवले.

"मगे ह्येंची वहाण कोण शिवता रे झिला?"

तो नुसता बघत राहिला. आजी सांगायला लागली की आमचो वेतोबा देव आसा, तरी तेची वहाण झिजता. हे खरं आहे, आरवलीला वेतोबाच्या देवळात चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावाची राखण करत फिरतो, आणि लोक तुम्हाला त्यांचे झिजलेले तळवे दाखवतात. म्हणजे देव आहे, फिरतो आहे, सगळी जादू आहे, पण चप्पल कुठल्यातरी चांभाराने गुडघ्याखाली दाबून टोच्याने शिवलेलीच असते, आणि झिजली की नवी लागते, तिचे पैसे लागतात, नवस फेडणारा लागतो. मित्राने वही मिटली, चहा प्यायला, आणि गेला.

तुमच्यावर अशी वेळ आली तर त्याने केलं तेच करा. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला, प्रॉब्लेम सॉल्व्ह. परिशिष्ट आठ लिहिलंय, "पादत्राण-मंत्र", तो म्हटला की एल्फांच्या पायात आपोआप बूट येतात, शिवायला कोणी लागतच नाही, आजीला सांग. मी सांगितलं. आजी म्हणाली, विचार तेका, ह्यो मंत्र सगळ्यांका येता काय?

विचारलं. तो म्हणाला, नाही नाही, फक्त राजघराण्यातल्यांना. रक्तात असावं लागतं.

आजी म्हणाली, मगे बाकीचे अनवाणी चलतत तीन हजार कोस?

परिशिष्ट नऊचं काम चालू आहे.