एका घरात दोन चुली कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात गंभीर मुद्दा आधी घेते, कारण तिथे चूक माझी आहे. जुन्या घरात लाकूड आणि पेलेट (भुसा दाबून केलेल्या लाकडाच्या छोट्या कांड्या) एकत्र कसे वापरायचे यावरच्या लेखात मी लिहिलं होतं, ‘आमच्याकडे दोन्हींचा धूर एकाच चिमणीतून जातो.’ तुम्ही विचारलंत, ‘हे वाचून कोणी खरंच तसं जोडलं आणि रात्री घरात कार्बन मोनॉक्साइड शिरला, तर जबाबदार कोण?’

प्रश्न रास्त आहे. आमच्या छपरावर विटांची एकच चिमणी दिसते, पण तिच्या पोटात दोन स्वतंत्र धूरनळ्या आहेत. जुन्या घरांत असं बऱ्याचदा असतं, बाहेरून एकच खांब आणि आत वेगवेगळ्या खोल्यांमधून वर जाणारे वेगवेगळे मार्ग. माझ्या मनात ते इतकं गृहीत होतं की लिहायचं राहून गेलं. ते वाक्य मी काल बदललं आणि बदल का केला तेही खाली नोंदवलं. लक्षात आणून दिलंत, मनापासून आभार.

एकाच नळीवर दोन्ही का नकोत, हे नीट सांगायला हवं. लाकडाचा स्टोव्ह नुसत्या चिमणीच्या ओढीवर चालतो. ही ओढ साधारण १२ पास्कल असते, म्हणजे जेमतेम सव्वा मिलिमीटर उंचीच्या पाण्याचा दाब. एवढ्याशा जोरावर सगळा धूर वर जात असतो. पेलेट बॉयलरमध्ये मात्र पंखा असतो. संध्याकाळी लाकडाचे निखारे उरलेत, चिमणी गार होत चालली आहे, ओढ मंदावली आहे, आणि तेवढ्यात त्याच नळीत खालून पंखा धूर ढकलू लागला, तर तो धूर सोपी वाट धरणार. ती वाट तुमच्या बैठकीच्या खोलीतल्या स्टोव्हच्या दारातून येते. निखाऱ्यांच्या अवस्थेत कार्बन मोनॉक्साइड भरपूर तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. काही ठिकाणी ठरावीक अटींवर, हिशेब करून आणि तपासणी करून अशी जोडणी मंजूर होते. पण ते काम अधिकृत तपासनिसाचं. ब्लॉग वाचून करायचं नव्हे.

दोन नळ्या असल्या म्हणजेही काम संपत नाही, आणि हे मूळ लेखात यायलाच हवं होतं. आम्ही पेलेट बॉयलर बसवण्याआधी धुराची चाचणी करून घेतली. चिमणीवाल्याने एका नळीत खाली धुराची कांडी पेटवली आणि वरचं तोंड झाकलं. मी दुसऱ्या नळीच्या भोकात डोकं घालून बॅटरी वर रोखून बसले होते. मिनिटभर काही नाही. मग डोक्यावर हातभर अंतरावर, दोन नळ्यांमधल्या विटांच्या पडदीतून धुराची बारीक पांढरी धार बाहेर आली. तिच्या वर आणखी एक. विटा सगळ्या जागेवर होत्या, मधला चुना गेलेला होता. बोटाने खरवडला तर कोरड्या वाळूसारखा तळहातावर आला. त्या दिवशी दोन्ही नळ्यांत स्टेनलेस स्टीलचं अस्तर घालायचं ठरलं. पेलेटच्या बाजूचं अस्तर व्यासाने लहान आणि पाणी सोसणारं घेतलं, कारण पेलेटचा धूर तुलनेने थंड असतो. रुंद विटांच्या नळीत तो आणखी गार होतो, त्यातली वाफ भिंतींवर पाणी होऊन उतरते आणि चिमणी आतून भिजते.

आता तुमचा मुख्य आक्षेप. तुम्ही लिहिलंत, ‘एका घरात दोन चुली कशाला? दुप्पट यंत्रं, दुप्पट देखभाल, दुप्पट राख. एक काय ते ठरवा.’ इथे मात्र मी तुमच्याशी सहमत नाही.

लाकूड आणि पेलेट ही एकाच कामाची दोन साधनं आहेत असं धरलं, तर तुमचं बरोबर आहे. पण दोघांचा स्वभाव वेगळा आहे. लाकूड एकदम भरपूर उष्णता देतं आणि मग संपतं. पेलेट थोडी थोडी, सांगाल तेवढी देतो, तुम्ही झोपलेले असलात तरी. आमच्या बैठकीतल्या स्टोव्हला पाण्याचा कप्पा आहे, पेलेट बॉयलर तळघरात आहे, आणि दोघांच्या मध्ये ८०० लिटरची बफर टाकी आहे, म्हणजे घर तापवणारं गरम पाणी साठवून ठेवणारी टाकी. सगळं गणित त्या टाकीत आहे.

संध्याकाळी मी साधारण १२ किलो कोरडं लाकूड जाळते. किलोला ४ किलोवॉट तास धरले तर ४८ होतात. त्यातला काही भाग धुरासोबत जातो, काही खोली तापवतो, आणि उरलेले २५ ते २८ पाण्यात उतरतात. ८०० लिटर पाणी ४० अंशांवरून ७० अंशांवर न्यायला साधारण २८ किलोवॉट तास लागतात. म्हणजे एका संध्याकाळची आग टाकीत जवळपास बरोबर मावते. थंडी बेताची असताना घराला सरासरी ४ किलोवॉट लागतात, तेव्हा ही टाकी सात तास पुरते आणि आम्ही पहाटेपर्यंत निर्धास्त असतो. कडाक्याच्या थंडीत घर ९-१० किलोवॉट खातं, तेव्हा तीच टाकी तीन तासांत रिकामी. तिथून पुढे पेलेट.

तुम्ही म्हणाल, मग सगळंच पेलेटवर का नाही? कडाक्याच्या दिवसांत पेलेट बॉयलर उत्तम चालतो, तासन्‌तास एका लयीत. त्याची अडचण होते हिवाळ्याच्या दोन्ही टोकांना. १२ किलोवॉटचा बॉयलर मंद केला तरी साधारण साडेतीन-चार किलोवॉटच्या खाली जात नाही, आणि घराला हवे असतात दोन. मग तो पेटतो, विझतो, पुन्हा पेटतो. प्रत्येक वेळी पेटताना वीज खातो, पेटताना आणि विझताना सर्वात जास्त धूर करतो, आणि पेटवणारी कांडी झिजते. नेमक्या याच दिवसांत संध्याकाळची एक लाकडाची आग घराचं दिवसभराचं काम निभावते. नियंत्रकात एकच अट आहे. टाकीच्या वरच्या भागात ६० अंशांपेक्षा गरम पाणी असेल तर पेलेट बॉयलरने पेटायचंच नाही. मला बटण दाबावं लागत नाही. लाकूड पेटलं की तो आपोआप गप्प बसतो.

राखेचं म्हणाल, तर ए१ या सर्वात चांगल्या प्रतीच्या पेलेटमध्ये राख जास्तीत जास्त ०.७ टक्के असते, म्हणजे एक टन जाळल्यावर फार तर ७ किलो. ‘दुप्पट राख’ होत नाही.

तुमच्या ‘वर्षभर ठेवलेलं लाकूड कोरडंच असतं, मीटर वगैरे चोचले आहेत’ या वाक्यावर मात्र मी थांबले. हा समज फार पसरलेला आहे आणि चिमण्यांचं सर्वात जास्त नुकसान त्यानेच होतं. गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला मी ढिगातून एक ओकचा ओंडका घेतला. टोकाला चिरा पडलेल्या, साल सुटत आलेली, हातात हलका वाटत होता. टोकाला ओलावा मोजणारं मीटर टोचलं, १४ टक्के. मग कुऱ्हाडीने मधोमध फोडला आणि आतल्या ताज्या पृष्ठभागावर, तंतूंच्या दिशेने, पुन्हा टोचलं. ३१. फोडलेली बाजू गालाला लावली तर गार लागत होती. ढीग रचून सतरा महिने झाले होते.

यात आणखी एक मेख आहे. बरीच मीटरं पाण्याचं प्रमाण कोरड्या लाकडाच्या वजनावर दाखवतात. मीटरवरचे २५ म्हणजे एकूण वजनाच्या २० टक्के पाणी, आणि माझे ३१ म्हणजे जवळपास २४ टक्के. जाळायला एकूण वजनाच्या २० टक्क्यांच्या आत हवं. ओकसारखं घट्ट लाकूड फोडून, खालून हवा खेळेल असं रचल्यावरही दोन वर्षं घेतं. आणि ओलं लाकूड जाळल्याचा तोटा नुसता पाण्याची वाफ करण्यात जाणाऱ्या उष्णतेचा नसतो, तो तर त्यातल्या त्यात लहान. खरा तोटा असा की आगीचं पोट थंड पडतं, लाकडातून निघणारा वायू जळायच्या आत वर निघून जातो आणि गार चिमणीत डांबर होऊन चिकटतो. काळा, काचेसारखा चकचकीत थर. ब्रशने निघत नाही. पेटला तर चिमणीत १००० अंशांच्या वर तापमान जातं. म्हणूनच लाकूड वाळलेलं नसेल त्या वर्षी ते ढिगातच राहू द्यायचं आणि पेलेटवर भागवायचं. दोन चुलींचा मला सर्वात मोठा उपयोग हाच वाटतो. ओलं लाकूड जाळण्याची वेळच येत नाही.

विजेबद्दल तुम्ही अर्धं लिहिलंत. ‘वीज गेली की पेलेट बंद, तेव्हा लाकूड कामाला येतं, एवढाच काय तो फायदा.’ साध्या, पाण्याचा कप्पा नसलेल्या स्टोव्हच्या बाबतीत हे खरं आहे. आमच्यासारख्या जोडणीत उलटं आहे. वीज गेली की बॉयलरमधल्या ज्या पेल्यात पेलेट जळतात त्यात मूठ-दोन मुठी इंधन उरतं, ते विझून जातं. पण स्टोव्हमध्ये आठ किलो लाकूड धडाडून पेटलेलं असतं, आणि पाणी फिरवणारा पंप थांबलेला असतो. कप्प्यातलं पाणी उकळायला वेळ लागत नाही. यासाठी सुरक्षा झडप असते. साधारण ९५ अंशांना ती विजेशिवाय उघडते आणि नळाचं थंड पाणी एका वेटोळ्यातून सोडून उष्णता बाहेर नेते. आता बघा, तुमच्या घरात नळाला पाणी विजेच्या पंपाने येत असेल, तर ज्या क्षणी झडपेला पाणी लागतं त्याच क्षणी ते नसतं. आम्ही त्यासाठी थंड पाण्याची वेगळी टाकी उंचावर ठेवली, शिवाय फिरत्या पंपाला छोटी बॅटरी दिली. पंप ३०-४० वॉटचा, त्याला मोठी बॅटरी लागत नाही. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांनी वीज बेभरवशाची असेल त्या दिवशी पाण्याचा कप्पा असलेला स्टोव्ह भरूच नये.

लाकडाचा धूर जास्त, या तुमच्या मुद्द्यावर मी वाद घालत नाही. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२२ पासून लाकडाच्या बंद दाराच्या स्टोव्हला धूलिकणांची मर्यादा घनमीटरला ४० मिलिग्रॅम ठेवली आणि पेलेट स्टोव्हला २०. नियमातच दुपटीचा फरक आहे, आणि तोही चाचणीच्या खोलीतला, जिथे लाकूड मोजून-मापून घातलेलं असतं. घरात हात चुकला की फरक वाढतो. मी वरून पेटवते, म्हणजे ओंडके खाली आणि बारीक काटक्या वर, म्हणजे निघणारा वायू ज्वाळेतून जातो. हवेची झडप कधी पूर्ण बंद करत नाही, कारण रात्रभर धुमसत ठेवलेली आग ही सर्वात घाण आग. तरीही शेजारची घरं भिंतीला भिंत लागून असतील, किंवा घरात कुणाला दमा असेल, तर माझं मत तुमच्यासारखंच आहे. तिथे लाकूड नको.

एक गोष्ट तुमच्या आणि माझ्या दोघांच्याही लेखनातून सुटली. पेलेट साठवायची बंद खोली. ताज्या पेलेटमधले, विशेषतः पाइनच्या, स्निग्ध घटक हवेशी संयोग पावतात आणि काहीही पेटलेलं नसताना खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. यात माणसं दगावली आहेत. आत जाण्याआधी दार उघडून भरपूर वेळ हवा खेळू द्यायची, एकट्याने उतरायचं नाही, आणि कोठाराला बाहेर उघडणारी जाळी हवीच.

शेवटी तुमच्या स्वतःच्या घराबद्दल. तुम्ही लिहिलंय की तुमच्याकडे एकच रुंद धूरनळी आहे, तिच्यावर जुना लाकडाचा स्टोव्ह आहे, टाकी ठेवायला जागा नाही आणि छताला अजून उष्णतारोधक थर नाही. अशा घरात मीसुद्धा दोन चुली मांडणार नाही. आधी छत. तिथला थर झाला की घराची गरज किती उतरते ते पुन्हा मोजून घ्या, कारण आज मोजून घेतलेला बॉयलर उद्या मोठा ठरेल. मग त्या नळीत योग्य मापाचं अस्तर घालून एकटा पेलेट. जुना स्टोव्ह ठेवायचाच असेल तर त्याला घराबाहेरून, भिंतीलगत, दुहेरी पत्र्याची स्वतंत्र उष्णतारोधक नळी द्यावी लागेल. ते नको असेल तर स्टोव्ह काढा आणि नळीतलं त्याचं भोक विटा आणि चुन्याने बुजवून घ्या. नुसतं पत्र्याचं झाकण किंवा कोंबलेली चिंधी चालणार नाही. आणि बुजवल्यावर, पेलेट पहिल्यांदा पेटवण्याआधी, धुराची कांडी लावून त्या खोलीत बॅटरी घेऊन थांबा.