‘पुण्यात बसून’ क्रोटनवर लिहिल्याबद्दल

क्रोटनच्या, म्हणजे रंगीबेरंगी पानांच्या त्या शोभेच्या झुडपाच्या, कुंपणावरच्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी लांबलचक प्रतिक्रिया टाकली आहे. खाली चार ओळींत उत्तर मावेना, म्हणून इथे लिहिते. सुरुवात अशी: “काकू, पुण्यात गच्चीवर बसून कोकणातल्या बागांना सल्ले देणं सोपं असतं.” पुढची तक्रार अशी की अलिबागेजवळच्या घराला त्यांनी क्रोटनचं कुंपण केलं आणि पहिल्याच पावसाळ्यात खाऱ्या वाऱ्यानं पानं करपली. शिवाय मी चिकाबद्दल लिहिलं नाही, लाल कोळी या पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीबद्दल लिहिलं नाही, आणि एवढं पाणी पिणारं झाड सुचवलंच कसं, वगैरे.

चिकाचं मान्य. छाटताना चीक गळतो, काहींच्या कातडीला खाज सुटते, कपड्यावर पडला तर डाग जाता जात नाही. हातमोजे घाला, ही ओळ हवी होती. आता घातली आहे.

काकू म्हणायलाही हरकत नाही, केस पिकलेत. पण त्या ‘काकू’मागचा सूर कळण्याइतकं मराठी मलाही येतं. आणि ‘पुण्यात बसून’ म्हणजे काय हो? माझं माहेर गुहागरचं. घरामागे नारळ-पोफळीची वाडी, वाडी संपली की सुरूचं बन, पलीकडे वाळू. अंगणाच्या कडेनं आजीनं लावलेले क्रोटन: एक पिळदार लांब पानांचा, एक हिरव्यावर पिवळे ठिपके शिंपडलेला. आषाढात शेजारून फांदी आणायची, जांभ्याच्या गडग्याशी खोचायची. श्रावण सरेपर्यंत ती मूळ धरायची. गणपतीत मखराला हीच पानं. त्या घराच्या खिडक्यांचे गज गंजून पापुद्रे सुटायचे, हात लावला की तळवा तांबडा. तेव्हा खारा वारा मला शिकवू नका.

समुद्राच्या तोंडावर क्रोटन लावा असं मी कुठे म्हटलंय? पहिली रांग सुरू, उंडी, केवडा यांची; क्रोटन त्यांच्या आडोशाला. वाऱ्यावरचे खारे तुषार पानावर सुकतात, मीठ पानातलं पाणी ओढतं, आधी टोक तपकिरी होतं आणि मग कड. आडोसा असला तर थोडंफार मीठ हे झाड सोसतं, पाऊस पानं धुऊनही काढतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत झाडांच्या मागे थेट लाटा दिसताहेत, साहेब! मध्ये औषधालाही सुरू नाही.

उलट क्रोटनचे हाल पुण्यातच जास्त. मूळचं ते मलाया-मोलुक्काकडच्या बेटांवरचं, दमट हवेतलं. इथे एप्रिलची कोरडी झळ, जानेवारीत पारा दहाच्या खाली, वर बोअरचं जड पाणी. चुनखडीच्या मातीत नव्या पानाच्या शिरा हिरव्या आणि बाकी पान पिवळं पडतं. नवखे लोक तोच रंग समजून खूष होतात. खरा रंग उन्हानं चढतो. सावलीत ठेवलं की तेच झाड हिरवंगार. हे सगळं मी कोथरूडच्या गच्चीवरच पाहिलंय, जिला तुम्ही इतक्या तुच्छतेनं नावं ठेवलीत.

लाल कोळी? उन्हाळ्यात पानांच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा मारा. आणि पाण्याचा मुद्दा वाद घालण्याइतका मोठा नाही. एकदा रुजलेलं क्रोटन रोज पाणी मागत नाही.

राहिलं तुमचं कुंपण. घाईनं उपटू नका. खोड नखानं खरवडून बघा, आत हिरवं असेल तर फुटेल. बाहेरून सुरू लावा, आणि तो उंच होईपर्यंत शेडनेट बांधा. आडोशाचं मी मूळ लेखात सातव्या परिच्छेदात लिहिलं आहे. तुम्ही बहुधा तिसऱ्यातच कमेंट टाकायला घेतलीत.