शैवाक उकळून प्यायल्याने अँटिबायोटिक मिळत नाही

खडकांवर आणि झाडांच्या सालीवर वाढणाऱ्या शैवाकांविषयी, म्हणजे लायकेनविषयी, एक संदेश वारंवार फिरत असतो. शैवाकांत पेनिसिलिनपेक्षा प्रभावी अँटिबायोटिक आहे, ते कर्करोगाच्या पेशी मारते, नैसर्गिक असल्यामुळे त्याचा अपाय होत नाही, शतकानुशतकांचा अनुभव त्याच्या पाठीशी आहे आणि शैवाक पाण्यात उकळले की ते घरीच मिळते, असा त्याचा आशय असतो.

पहिल्या दाव्याला आधार आहे, पण तो अर्धवट. अस्निया आणि इतर काही शैवाकांतील पिवळे अस्निक आम्ल 1844 पासून ज्ञात आहे आणि प्रयोगशाळेत ते स्टॅफिलोकॉकससारख्या ग्राम-धन, म्हणजे पेशीभोवती जादा बाह्यपटल नसलेल्या, जिवाणूंची वाढ रोखते, ई. कोलायसारख्या असे पटल असलेल्या ग्राम-ऋण जिवाणूंवर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. पेनिसिलिनशी केलेली तुलना तर मुळातच फसते. पेनिसिलिन जिवाणूंच्या पेशीभित्तिकेची बांधणी बिघडवते आणि माणसाच्या पेशींना अशी भित्तिकाच नसते. अस्निक आम्ल पटलांमधून प्रोटॉन आरपार नेते, त्यामुळे मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांत, ऊर्जा साठवण्याची प्रक्रियाच विस्कटते, आणि मायटोकाँड्रिया आपल्या यकृताच्या पेशींत खच्चून भरलेले असतात.

कर्करोगाचा दावाही इथेच अडतो. काचेच्या बशीतील कर्कपेशी या आम्लाने मरतात हे खरे. पण पुरेशा मात्रेत निरोगी पेशीही मरतात, आणि औषधाची कसोटी या दोन मात्रांमधील अंतरावर लागते. शैवाकातील एकाही संयुगाला कर्करोगावरील औषध म्हणून मान्यता मिळालेली नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, या समजुतीला उत्तर 2001 मध्येच मिळाले आहे. त्या वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लिपोकायनेटिक्स या वजन घटवण्याच्या गोळ्यांविरुद्ध इशारा दिला, कारण त्या घेणाऱ्यांच्या यकृताला गंभीर इजा झाली होती. गोळ्यांत सोडियम अस्निएट होते. इतरही घटक होते, म्हणून सारा दोष त्या एकावर टाकता येणार नाही, पण संशयाची सुई त्याच्याचकडे वळली. दुसऱ्या एका शैवाकातील व्हल्पिनिक आम्ल तर इतके विषारी आहे की उत्तर युरोपात ते शैवाक लांडगे मारण्यासाठी आमिषात घालत असत.

जुन्या अनुभवाविषयी थोडक्यात एवढेच, की 1721 च्या लंडन फार्माकोपिया या औषधग्रंथात पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर पेल्टिजेरा या शैवाकाची भुकटी आणि काळी मिरी असे औषध होते. त्याने रेबीज बरा होत नसे.

उरला घरचा काढा. अस्निक आम्ल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणजे ज्या रेणूसाठी एवढा खटाटोप करायचा तो बहुतांशी चोथ्यातच राहतो. पाण्यात उतरतात ती लायकेनिनसारखी बुळबुळीत बहुशर्करा संयुगे, जी घशाची खवखव शमवतात; युरोपीय औषध संस्थेने आइसलँड मॉस या शैवाकाला खवखव आणि कोरड्या खोकल्यासाठी दिलेले स्थानही पारंपरिक वापरावर आधारलेले आहे. शिवाय मुळे नसलेले शैवाक हवा आणि पावसातून शिसे, कॅडमियम असे जड धातू शोषून साठवते. 1986 च्या चेर्नोबिल अपघातानंतर शैवाक खाणाऱ्या रेनडिअरच्या मांसात किरणोत्सारी सीझियम सापडले, ते याच मार्गाने.

संशोधकांना शैवाकांचे आकर्षण आहे ते वेगळ्याच कारणासाठी: त्यांत हजाराहून अधिक संयुगे आढळली असून त्यांतील बहुतेक अन्यत्र मिळत नाहीत. अनेक शैवाके वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढत असल्याने ती खरवडून औषधाचा पुरवठा होणार नाही. म्हणून ही संयुगे घडवणारी जनुके वेगाने वाढणाऱ्या कवकांत बसवण्याचे आणि अस्निक आम्लाच्या रेणूत फेरफार करून त्याचा जंतुनाशक गुण यकृताच्या इजेपासून वेगळा काढण्याचे प्रयत्न चालू आहेत.