वाघ्या, मावशी आणि पंचवीस ग्रॅम काळीज

आमच्या कुत्र्याचं नाव वाघ्या. मिक्सर सुरू झाला की तो पलंगाखाली जातो आणि मिक्सर धुऊनपुसून कपाटात गेल्याची खात्री पटली तरच बाहेर येतो. मांजर ही वाघाची मावशी, म्हणून मांजरीचं नाव मावशी. ती मात्र नावाला जागते. घरातल्या प्रत्येकाच्या चुका तिला तोंडपाठ आहेत आणि तिच्या खुर्चीवर बसायची कुणाची छाती होत नाही.

या दोघांच्या पोटात मी कधी शिरलो नसतो. पण सकाळच्या फेरीत एक गृहस्थ भेटले.

"काय घालता खायला?" त्यांनी विचारलं.

"डब्यातलं कोरडं खाद्य."

ते काही बोलले नाहीत. अनाथ पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा त्यांनी वाघ्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "अहो, हा मूळचा लांडगा आहे." मी लांडग्याकडे पाहिलं. तो एका फुलपाखराला घाबरून माझ्या पायामागे उभा होता.

त्या दिवशी मला कळलं की जगात रॉ फीडिंग नावाचा एक मोठा पंथ आहे. इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यांनी 1993 साली पुस्तक लिहून कच्च्या हाडामांसाचा हा आहार लोकप्रिय केला. कुठल्याही पंथाचे होतात तसे याचेही पुढे उपपंथ झाले. एक भाज्या घाला म्हणतो, दुसरा भाजीचं नाव काढलं तरी कानावर हात ठेवतो. आमचे गृहस्थ दुसऱ्यातले. त्यांचा मंत्र एकच : ऐंशी-दहा-दहा. ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाड, दहा टक्के आतले अवयव, आणि त्या अवयवांतही निम्मं काळीज, म्हणजे यकृत.

ऐकायला सोपं वाटतं. वाघ्याचं वजन 20 किलो. रोज वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे 500 ग्रॅम. त्यात 400 ग्रॅम मांस, 50 ग्रॅम हाड, 25 ग्रॅम काळीज आणि 25 ग्रॅम मूत्रपिंड किंवा प्लीहा. आता 50 ग्रॅम हाड आणायचं कुठून? कोंबडीच्या पंखातून. पण पंखात हाड जेमतेम निम्मं, बाकीचं मांस. म्हणजे 110 ग्रॅम पंख घेतले की त्यात 50 ग्रॅम हाड आणि 60 ग्रॅम मांस आलं. ते 60 वरच्या 400 मधून वजा करायचे. शाळेत असताना "याचा पुढे उपयोग काय?" असं मी बीजगणिताच्या सरांना विचारलं होतं. सर बिचारे तेव्हा निरुत्तर झाले होते.

मी डिजिटल वजनकाटा आणला. फ्रीझरमधलं आइस्क्रीम बाहेर गेलं आणि तिथे माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांच्या पुड्या आल्या. 'काळीज 25', 'काळीज 25', 'मूत्रपिंड 25 (सोमवार)'. बर्फ काढायला गेलेल्या एका पाहुण्यांनी फ्रीझर उघडला, हळूच मिटला आणि पाणी साधंच चालेल म्हणाले. रोज पहाटे मी काळजाचे तुकडे करत उभा असे. काळीज थोडं जास्त पडलं म्हणून काही बिघडत नाही असं मला वाटायचं. पण त्यात अ जीवनसत्त्व ठासून भरलेलं असतं आणि रोजच्या रोज जास्त गेलं तर ते बाधतं. त्यामुळे काटा 27 वर गेला की मी दोन ग्रॅमचा कपटा कापून परत पुडीत टाकत असे.

मग स्वच्छता. कच्च्या मांसात सॅल्मोनेला असू शकतो आणि फ्रीझरच्या थंडीने तो मरत नाही, नुसता पांघरूण घेऊन पडून राहतो. कुत्रा स्वतः ठणठणीत राहून तो जंतू विष्ठेतून घरभर वाटू शकतो. म्हणून वेगळी सुरी, वेगळा पाट, वेगळं फडकं. ओटा तर दिवसातून तीनदा धुतला जाई. एवढं सोवळं पाळून मी वळायचो, तेवढ्यात वाघ्या जेवण संपवून त्याच तोंडाने लेकीचं नाक चाटून मोकळा झालेला असायचा.

जेवायला त्याला किती वेळ लागायचा? अकरा सेकंद. मी घड्याळ लावून पाहिलं आहे. चाळीस मिनिटांचं बीजगणित अकरा सेकंदांत गडप. त्याच्या डोळ्यांत जागा झालेला लांडगा मी रोज शोधायचो. पण खरं सांगायचं तर त्या डोळ्यांत तोच भाव होता, जो गेल्या महिन्यात माझा मोजा गिळताना होता.

चौथ्या दिवशी त्याची शी पांढरी आणि खडूसारखी झाली. हाड जास्त झाल्याची ही खूण. मी वाकून फोटो काढत होतो. मागे बायको कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

"लग्न झालं तेव्हा तू निसर्गाचे फोटो काढायचास," एवढंच ती म्हणाली.

हे झालं वाघ्याचं. मावशीचं प्रकरण निराळं होतं. तत्त्वतः कच्चं मांस तिच्याच हक्काचं. मांजर पक्की मांसाहारी. टॉरिन नावाचं, मांसातून मिळणारं पोषकद्रव्य तिला स्वतःला पुरेसं बनवता येत नाही, गाजरातून अ जीवनसत्त्व काढता येत नाही, गोड चव तर तिला कळतच नाही. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय ढिलं पडतं, हे 1987 साली संशोधकांनी दाखवून दिलं. तेव्हा मी मावशीसाठी खास हृदय आणलं, कारण त्यात टॉरिन भरपूर. बारीक चिरून बशीत ठेवलं. मावशीने वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. मग बशीभोवतीची फरशी पुढच्या पंजाने खरवडायला लागली, शी झाकताना खरवडते तशी. एका हालचालीत एवढा संपूर्ण अभिप्राय मला कुणी दिलेला नाही.

मी बशी कोमट करून पाहिली. थोडं पाणी घालून पाहिलं. समोर बसून "वा, काय छान!" असं म्हणूनही पाहिलं. गृहस्थांना फोन केला. ते म्हणाले, "भूक लागली की झक मारत खाईल." हा सल्ला मी दीड दिवस पाळला. मावशीनेही पाळला, म्हणजे खाल्लं नाही.

मधल्या काळात गृहस्थांनी मला 'समग्र' उपचारांकडेही वळवलं होतं. समग्र म्हणजे रोग नाही, रोगी पाहायचा. कल्पना वाईट नाही. वाघ्याचा मागचा पाय सकाळी जरा आखडतो, म्हणून आम्ही एका समग्र तज्ज्ञांकडे गेलो. पायाविषयी एक प्रश्न आला आणि उरलेले बावीस घराविषयी. तो उदास कधी असतो? स्वप्नात पाय हलवतो का? घरात कुणी चिडचिडं आहे का? या शेवटच्या प्रश्नाला बायकोने उत्तर दिलं नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मग सुया आल्या. वाघ्या सहा सुया टोचलेल्या अवस्थेत घोरायला लागला. चक्कर मला आली. पाणी मला पाजलं. बिल मात्र वाघ्याच्या नावे होतं.

पिसवांसाठी गृहस्थांनी लसूण सुचवला आणि मनःशांतीसाठी सुगंधी तेलाचा दिवा. ते दोन्ही मी करणार इतक्यात मावशीच्या उपासाला घाबरून बायकोने आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मांजराला उपाशी ठेवून शिस्त लावायची नसते. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर अंगातली चरबी यकृतात साठते आणि जिवावर बेतू शकतं." म्हणजे मी काळीज खाऊ घालायच्या नादात तिच्याच काळजावर उठलो होतो. लसणाने तांबड्या पेशी फुटतात, कुत्र्याच्याही आणि मांजराच्या अधिक. सुगंधी तेलं मांजराच्या यकृताला नीट निपटता येत नाहीत. 'नैसर्गिक' या शब्दावर त्या किंचित हसल्या. "साप पण नैसर्गिकच असतो," म्हणाल्या.

"आणि तो लांडगा?" मी शेवटचा किल्ला लढवला.

"लांडगा राहिला मागे. कुत्र्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, 2013 मध्ये हे सिद्ध झालंय. हजारो वर्षं तुमचं उष्टं खाऊनच हा कुत्रा झालाय."

वाघ्याने हे ऐकून शेपूट हलवलं. आपल्या खानदानाविषयी कुणी चांगलं बोललं की त्याला आवडतं.

माझं ऐंशी-दहा-दहाही त्यांनी तपासलं. जस्त, मँगनीज, आयोडीन, ई जीवनसत्त्व सगळंच तोकडं. कच्चंच द्यायचं असेल तर आहारतज्ज्ञ पशुवैद्याकडून पाककृती आखून घ्या, नाहीतर संपूर्ण आणि संतुलित असं लिहिलेलं खाद्य द्या, असा त्यांचा निकाल पडला. मग त्यांनी वाघ्याच्या बरगड्या चाचपल्या. म्हणजे शोधल्या. नऊ गुणांच्या तक्त्यात त्याला सात गुण दिले. जन्मात पहिल्यांदा त्याला इतके गुण मिळाले म्हणून मी खूश झालो. पाच हवे होते. पाय आखडण्याचं कारणही बहुधा तेच, म्हणाल्या. वजन उतरवा.

मावशीने घरी येताच आपलं जुनं डब्यातलं खाद्य खाल्लं, तेही मी खोलीबाहेर गेल्यावर. पुढचे चार दिवस तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी माझ्या चपलेत एक उंदीर होता. अख्खा, न खाल्लेला. मांस, हाड, काळीज, सगळं जिथल्या तिथे आणि बरोबर प्रमाणात. मावशी शेजारी बसून होती. याला स्वतःचं पोट भरता येत नाही, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं. मग ती उठली, शेपटी उंच करून आपल्या बशीपाशी गेली आणि कोरड्या खाद्यासाठी ओरडायला लागली.

मी उंदराकडे पाहत उभा राहिलो. माझा हात आपसूक ओट्यावरच्या वजनकाट्याकडे गेला.

"बाबा," आतून लेक म्हणाली, "ठेव तो खाली."