‘बिटलॉकर बंद करा, लॅपटॉप 45 टक्के मंदावतो’: या आकड्यात काय गळालं?

फिरणारा मेसेज असा: ‘बिटलॉकरमुळे एसएसडी 45 टक्के मंदावते. बंदच करा. लॅपटॉप चोरीला गेलाच, तर विंडोजचा पासवर्ड आहे की!’ बिटलॉकर म्हणजे विंडोजमधली एन्क्रिप्शनची सोय: चावीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात ती डिस्कवरचा डेटा ठेवते. एसएसडी म्हणजे चिपवर डेटा साठवणारी, फिरते भाग नसलेली डिस्क.

आकडा खोटा नाही, अर्धवट आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये टॉम्स हार्डवेअरने सॅमसंग 990 प्रो या एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीच्या) एसएसडीवर चाचण्या घेतल्या. घट ‘45 टक्क्यांपर्यंत’ होती; फॉरवर्ड होताना ‘पर्यंत’ गळालं. सर्वांत जास्त फटका बसतो तो बारीक, विखुरलेल्या वाचन-लेखनाला, कारण प्रत्येक तुकड्यामागे प्रोसेसरचं काम वाढतं. सेकंदाला सात हजार एमबी वाचणाऱ्या डिस्कवर ते दिसतं. 550 एमबीच्या साटा (जुन्या, संथ जोडणीच्या) एसएसडीवर बरंच कमी. फिरत्या हार्ड डिस्कचा वेग शंभर-दीडशे एमबी. तिथे प्रोसेसरच डिस्कची वाट बघत बसतो. टॅली, वर्ड, ब्राउझर यांत फरक सहसा कळतही नाही. मोठा डेटाबेस चालवणाऱ्याने मात्र स्वतः मोजून बघावं.

खरा अडसर जुन्या प्रोसेसरचा. एईएस ही बिटलॉकर वापरतो ती एन्क्रिप्शनची पद्धत; तिचं गणित थेट चिपमध्ये करणाऱ्या सूचना इंटेलने 2010 मध्ये आणल्या, पण 2011-12 च्या बहुतेक आय3 मध्ये त्या नाहीत. अशा मशीनवर एसएसडी बसवली असेल तर मंदपणा खरोखर जाणवतो. लिनक्सवर ‘क्रिप्टसेटअप बेंचमार्क’ ही कमांड चालवून एईएस-एक्सटीएसची (डिस्कसाठीच्या एईएसची) ओळ बघा: तो आकडा डिस्कच्या वेगापेक्षा बराच मोठा असेल तर काळजी नको.

पहिल्या दिवशीच्या संथपणावरून तर निष्कर्ष काढूच नका. तेव्हा सगळी डिस्क मागे एन्क्रिप्ट होत असते, काही तास जातात. नव्या लॅपटॉपवर ‘फक्त वापरलेली जागा’ हा पर्याय निवडला की काम लवकर आटोपतं.

‘मग डिस्कचंच हार्डवेअर एन्क्रिप्शन वापरा’ हा सल्लाही जपून घ्या. 2018 मध्ये रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी काही एसएसडींमधला डेटा पासवर्डशिवाय उघडून दाखवला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने बिटलॉकरसाठी सॉफ्टवेअर पद्धत (एन्क्रिप्शन डिस्कऐवजी प्रोसेसरकडून) हाच डीफॉल्ट केला.

आणि मेसेजमधला तो विंडोजचा पासवर्ड? एन्क्रिप्शन नसेल तर चोर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडतो, किंवा पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करतो. फाइली समोर. पासवर्ड कुणी विचारतच नाही.

चालू करण्याआधी 48 अंकी रिकव्हरी की (अडचणीत डिस्क उघडणारी चावी) कागदावर उतरवा. तो कागद लॅपटॉपच्या बॅगेत नको. बायोस अपडेटनंतर ती मागितली जाऊ शकते. प्रवासात झाकण नुसतं मिटू नका, हायबरनेट किंवा शटडाउन करा: स्लीपमध्ये एन्क्रिप्शनची चावी रॅममध्येच राहते.