‘१०९९’वर काम केलं म्हणून व्याजदरावर कमिशन घेता येत नाही

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. टेक्ससमध्ये नुकतंच गृहकर्ज ओरिजिनेटरचं (म्हणजे ग्राहकाला कर्ज जुळवून देणाऱ्याचं) लायसन्स काढलेल्या माझ्या भाचीनं तो पाठवून विचारलं, “मामा, सही करू का?” मेसेजचं सार असं: ‘नोकरी नको, १०९९ कॉन्ट्रॅक्टर (पगारावर नसलेला, स्वतंत्रपणे काम करणारा) व्हा. कमिशनचे नियम पगारदारांना असतात. चढा व्याजदर विका, जास्त कमवा. ग्राहक कुरकुरला तर आपल्या कमिशनमधून सूट द्या. गिऱ्हाईक आणणाऱ्याला वाटा द्या. टॅक्स कापला जात नाही.’

अजिबात सही करू नकोस.

रेग्युलेशन झेड, म्हणजे ग्राहकांच्या कर्जांविषयीचा अमेरिकेचा केंद्रीय नियम, त्याचं कलम १०२६.३६ उघडून बघा. लोन ओरिजिनेटर कोण, हे सांगताना तिथे कर्मचारी, एजंट आणि कॉन्ट्रॅक्टर असे तिन्ही शब्द आहेत. डब्ल्यू-२ (पगारदार नोकरी) की १०९९ यानं कमिशनचा नियम बदलत नाही. नियम एवढाच, की कर्जाच्या अटींवर कमिशन ठरवायचं नाही, आणि व्याजदर ही त्यातली पहिली अट. कारण आकड्यांतच दिसतं. ४ लाख डॉलरचं ३० वर्षांचं कर्ज ६.५ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता २,५२८ डॉलर, ७ टक्क्यांनी २,६६१. महिन्याला १३३ डॉलर जास्त, शेवटपर्यंत फेडलं तर जवळजवळ ४८ हजार. चढा दर गळ्यात मारल्याबद्दल ओरिजिनेटरला कर्जाच्या रकमेवर अर्धा टक्का जादा मिळाला, तर ते होतात २ हजार. दोन हजारांसाठी एका कुटुंबाचे ४८ हजार घालवायला सांगणारा हा मेसेज आहे! आणि दावा लागला तर ओरिजिनेटरवर प्रत्यक्ष नुकसान किंवा त्या कर्जावरच्या कमाईची तिप्पट, यातल्या मोठ्या रकमेपर्यंत जबाबदारी येऊ शकते.

टक्क्यावर कमिशन चालतं, हे मान्य करावं लागेल. पण ते कर्जाच्या रकमेवर आणि सगळ्या कर्जांना एकच. सरसकट १ टक्का, किमान १,००० आणि कमाल ५,००० डॉलर, हे उदाहरण नियमाच्या अधिकृत भाष्यातच आहे. मोठ्या कर्जाला १ आणि लहानाला २ टक्के चालत नाही. तासावर, दर कर्जामागे ठरावीक रक्कम किंवा फाइलच्या दर्जावर पैसे देता येतात. दिलेल्या पैशांचा हिशेब कंपनीनं ३ वर्षं जपायचा.

कमिशनमधून सूट? ग्राहकाला दर कमी करून देण्यासाठी त्या कर्जावरचं कमिशन कापता येत नाही, कारण मग कमिशन पुन्हा अटींवरच हलायला लागतं. क्लोजिंगचा (व्यवहार पुरा करतानाचा) खर्च अंदाजापेक्षा अनपेक्षितपणे वाढला, तेवढाच अपवाद.

गिऱ्हाईक आणणाऱ्याला वाटा म्हणजे रेस्पाच्या (घरखरेदीच्या व्यवहारांविषयीच्या केंद्रीय कायद्याच्या) कलम ८ चा भंग. १०,००० डॉलरपर्यंत दंड, वर्षापर्यंत कैद. मालकानं स्वतःच्या कर्मचाऱ्याला रेफरलचे पैसे देण्याची सवलत आहे, पण ती कर्मचाऱ्यापुरतीच. कॉन्ट्रॅक्टर तिच्यात बसत नाही.

टॅक्स कापला जात नाही, कारण तो तुम्हीच भरायचा असतो: इन्कम टॅक्स आणि वर १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, दर तिमाहीला.

काही राज्यांत ओरिजिनेटरला १०९९वर ठेवताच येत नाही, म्हणून आधी राज्याच्या नियामकाकडे चौकशी कर. एनएमएलएसवर (ओरिजिनेटरांच्या लायसन्सच्या देशभरच्या नोंदणीवर) कंपनीची स्पॉन्सरशिप लागल्याशिवाय एकही अर्ज घेऊ नकोस. आणि कराराच्या कमिशनच्या पानावर ‘रेट’ किंवा ‘मार्जिन’ हा शब्द दिसला, तर ते पान बदलून माग.