‘विमान उलटं चिकटवून दिलं’: एक तारा देणाऱ्या ग्राहकाला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

‘साडेसात हजार मोजले आणि विमान चक्क उलटं चिकटवून दिलं. चाकांचे दांडे तुटके, काच फुटकी, कार्डावरचा इतिहास चुकीचा. पैसे परत करा.’ आमच्याकडून घेतलेल्या झीरोच्या मॉडेलवर तुमचा अभिप्राय थोडक्यात असा आहे (झीरो म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं जपानी लढाऊ विमान). माझं उत्तर जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी आमच्याकडून काय चुकलं ते. डाव्या पंखावरची पिटो नळी (विमानाचा वेग मोजणारी), मॉडेलवर सुईएवढी असते ती, पॅकिंगमध्ये मोडली. कार्डावर ३ जून १९४२ छापलं गेलं, तिथे ४ जून हवं. डच हार्बर या अमेरिकी तळावर जपान्यांचा पहिला हल्ला ३ तारखेला झाला, हे विमान पडलं ते दुसऱ्या दिवशी. हे तुमच्या नजरेतून सुटलं, पण चूक ती चूक. आणि तुम्ही फोन केलात तेव्हा आमचा मुलगा ‘खोका उलटा धरलाय का बघा’ म्हणाला. त्याला समज दिली आहे.

आता उलटेपणाचं. तुमची ऑर्डर मी परत काढून वाचली: ‘अकुतानचं झीरो, १/४८, सापडलं तसं.’ १/४८ म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढं. आणि साहेब, अलास्काच्या अकुतान बेटावर ते विमान सापडलंच उलटं. अर्धं काम झाल्यावर फोटो पाठवून विचारायला हवं होतं, हे मात्र मान्य.

हे झीरो म्हणजे मित्सुबिशीचं ए६एम२, अनुक्रमांक ४५९३, शेपटीवर डीआय-१०८. फेब्रुवारी १९४२ मध्ये नागोयाच्या कारखान्यात तयार झालं आणि चार महिन्यांच्या आत चिखलात गेलं. र्यूजो या जपानी विमानवाहू जहाजावरून ते अलास्काच्या डच हार्बरवर हल्ल्याला निघालं, वैमानिक तादायोशी कोगा, वय १९. जमिनीवरून आलेल्या गोळीने तेलाची नळी तुटली. तेलाशिवाय इंजिन किती वेळ चालणार? जवळच्या अकुतान बेटावर अशा वेळी उतरायचं आणि पाणबुडीने येऊन वैमानिकाला न्यायचं, असं आधीच ठरलेलं होतं. वरून सपाट, हिरवं गवत दिसलं. कोगाने चाकं खाली घेतली. गवताखाली पाणी आणि दलदल. चाकं रुतली, विमान नाकावरून उलथलं आणि पाठीवर पडलं. मान मोडून पोरगा गेला, विमान मात्र जवळपास शाबूत राहिलं. पोटावर उतरवलं असतं तर वाचला असता, असं मला आपलं वाटतं.

तुम्ही पुढे विचारलंय, ‘पाडलेलं विमान आहे तर जळलेलं का नाही?’ सोबतच्या दोन झीरोंना हुकूम होता, शत्रूच्या मुलखात आपलं विमान पडलं तर ते नष्ट करायचं. कोगा आत जिवंत असेल या शंकेने त्यांनी गोळी झाडली नाही आणि परत फिरले. महिनाभराने, १० जुलैला, वाट चुकलेल्या एका अमेरिकी कॅटलिना गस्ती विमानातल्या माणसांना ते खाली दिसलं. म्हणून तुमच्या मॉडेलवर काजळी नाही, फक्त गोळ्यांची बारीक भोकं आहेत. ती मी तापवलेल्या सुईने पाडली आहेत. तळाचा चिखल म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा आणि वर रेझिन. गवत सुतळीचं, धागा धागा पिंजून रंगवलेलं. या तळालाच चार संध्याकाळी गेल्या. त्याला तुम्ही ‘कचरा चिकटवलाय’ म्हणालात. तेवढं लागलं मनाला.

चाकांचे दांडे मुद्दाम तुटके ठेवले. अमेरिकेतल्या सॅन डिएगोला नेऊन विमान दुरुस्त केलं तेव्हा सगळ्यात जास्त खटपट त्याच दांड्यांची करावी लागली.

कार्डावरच्या इतिहासाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. तुमचं म्हणणं, ‘हे झीरो उघडून बघितलं म्हणून अमेरिकेने हेलकॅट बनवलं, शाळकरी पोरालाही माहीत आहे.’ हेलकॅट हे अमेरिकी नौदलाचं लढाऊ विमान, त्याचं पहिलं उड्डाण २६ जून १९४२ चं. त्या दिवशी झीरो अजून अकुतानच्या चिखलात पाठीवर पडलेलं, अमेरिकेला पत्ताही नव्हता. हेलकॅटच्या नमुन्याचा करार तर त्याच्याही वर्षभर आधीचा. सापडल्याचा फायदा झाला तो वेगळाच. २० सप्टेंबरपासून लेफ्टनंट कमांडर एडी सँडर्सने ते २४ वेळा उडवलं. २०० नॉटच्या (ताशी सुमारे ३७० किलोमीटर) वर गेलं की एलरॉन, म्हणजे विमान कुशीवर वळवणाऱ्या पंखांच्या कडेच्या झडपा, जड होतात, विमान कुशीवर वळायला कुरकुरतं, आणि डावीकडे वळतं तेवढं उजवीकडे वळत नाही. नाक झटक्यात खाली दाबलं की कार्ब्युरेटरमुळे इंजिन गचके खातं. झालं, वैमानिकांना सांगितलं गेलं की झीरो मागे लागलं तर सूर मारा, वेग वाढवा आणि उजवीकडे वळा. नवं विमान त्यातून निघालं नाही, पण हाती असलेल्या विमानांनी लढायचं कसं ते कळलं. कार्डावर हेच लिहिलंय, बारीक टायपात. टाइप पुढच्या वेळी मोठा घेऊ.

जपानी नोकरी चार महिन्यांची, अमेरिकी नोकरी अडीच वर्षांची. फेब्रुवारी १९४५ मध्ये सॅन डिएगोलाच ते जमिनीवर चालत असताना हेलडायव्हर हे अमेरिकी बॉम्बफेकी विमान मागून येऊन धडकलं आणि त्याच्या पंख्याने शेपटीकडून झीरोच्या चकत्या पाडल्या. तसलं मॉडेल कोणी मागितलं तर आता आधी लेखी घेईन.

पैसे परत हवे असतील तर मॉडेल आणून द्या, पूर्ण रक्कम देतो. ठेवणार असाल तर पिटो नळी आणि नवं कार्ड फुकट. किंवा विमान सुलटंच हवं असेल तर हेच ४५९३ सॅन डिएगोच्या रूपात करून देतो, अमेरिकी खुणा रंगवलेलं, स्वतःच्या चाकांवर उभं. फरकाचे पैसे नकोत, पण तीन आठवडे लागतील. तोवर कृपा करून हे तळावरून उपटायला जाऊ नका. रेझिन पक्कं बसलंय, पंख हातात येईल. दुकान सोमवारी बंद असतं.